उजव्या पायाचा घट्टा

अण्णा, तुमचा उजवा पाय मला अजून तोंडपाठ आहे. अंगठ्याच्या मागे, तळव्यावर, रुपयाएवढा पिवळट घट्टा. सातपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं प्रेसचं पॅडल दाबून तो पडला होता. एकाच जागी सतत दाब आला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होत जाते, हे मी पुढे नर्सिंगला शिकले. तेव्हा मला त्याची नुसती किळस यायची. रविवारी सकाळी तुम्ही बादलीत पाय बुडवून बसलात की माझ्या कपाळाला आठी पडायची, कारण तुम्हाला जवळचं दिसेनासं झाल्यापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, वज्रीने घासा ना रोज थोडं थोडं. वर आमसुलाचं तेल लावून देते." पण तुम्हाला सगळं एका बैठकीत हवं. दाढीचं अर्धं ब्लेड माझ्या हातात देऊन तुम्ही पेपर उघडायचात. "घाबरू नकोस गं. मेलेली कातडी ती, तिला काय कळतंय? तुझा हात हलका आहे." तुम्हाला साखर होती. आठवली तर गोळी आणि बिनसाखरेचा चहा, एवढंच आमचं त्यातलं ज्ञान.

त्या रविवारी मैत्रिणी गंगापूर धरणावर निघाल्या होत्या आणि कोपऱ्यावर माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. मी रागारागाने, भराभर कापत होते. ब्लेड खोल गेलं. रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा. मी तुमच्या तोंडाकडे बघते आहे आणि तुम्ही पेपरचं पान उलटता आहात. दुखलं असतं तर तुम्ही ओरडला असतात, म्हणजे फार लागलेलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. चिमूटभर हळद दाबली, ओढणीने रक्त पुसलं आणि म्हणाले, "झालं." सोमवारी तुम्ही मोजे-बूट चढवून पहिल्या पाळीला गेलात.

आठ-दहा दिवसांनी मोजा पायाला चिकटला, ताप चढला. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंतचा पाय, आणि दिवाळीच्या आत तुम्हीच. दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "काय लागलं होतं?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बुटातला खिळा लागला असेल." तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, की त्या सकाळी पेपरच्या वरून तुम्ही माझी ओढणी पाहिली होती? इतकी वर्षं झाली, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आता मी मधुमेहाच्या दवाखान्यात लोकांचे पाय तपासते. परवा पेठ तालुक्यातले एक म्हातारे बाबा आले. टाच दगडासारखी. "ताई, लय कडक झालंय. ब्लेडनं काढून टाका ना. दुखत नाय मला." दुखत नाही, हे ऐकलं की मी आधी तळवा उजेडाकडे वळवून बघते. साखरेने पायातली जाणीव गेलेली असते आणि घट्ट्याखाली जखम आत आत सरकत राहते. मी त्यांना नेहमीचं सांगितलं. घरी कापायचं नाही, घट्टा आम्हीच काढू. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, टाचेला मलम चोळा, ऐसपैस चप्पल घाला, आणि तळवा रोज कुणाकडून तरी बघून घ्या. "नात हाय की घरी," ते म्हणाले. "तिच्या हातात ब्लेड देऊ नका!" मी एवढ्या मोठ्याने बोलले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. आईला पोचू शकतं, म्हणून ते घडी होऊन माझ्या पर्समध्येच राहील. ती अजून आल्यागेल्याला तुमचा बूट काढून दाखवते, आत बोट घालून खिळ्याचं टोक चाचपते आणि त्या मेल्या खिळ्याला शिव्याशाप देते. अण्णा, तुम्ही खिळा म्हणालात त्याच दुपारी मी घरी येऊन तुमच्या बुटात हात घातला होता. आत सगळं गुळगुळीत होतं. आई घरी यायच्या आत तो खिळा मीच ठोकला.