फोन मला आई समजतो

मावशे,

हे पत्र मी पाठवणार नाही. तू वाचलंस की लगेच आईला फोन लावशील, तुझ्या पोटात काही राहत नाही. पण ही एक गोष्ट तू पोटात ठेवलीस, म्हणून तर मला जास्त भीती वाटतेय.

परवा आई आंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजला म्हणून मी उचलला, तर माझा चेहरा बघून तो उघडलाच! मला हसूच आलं. सगळे म्हणतातच, पोरगी आईच्या वळणावर गेलीये. समोर तुम्हा बहिणींचं बोलणं होतं. आईने लिहिलं होतं, "आपल्या बाबांना ज्यानं नेलं, तेच दुखणं माझ्या हातात निघालं. पोरीत उतरलंय का, ते अठरा पूर्ण झाल्यावर तिनं हो म्हटलं तरच तपासतात. तोवर तिला हुंदडू दे."

मावशे, रविवारी मला अठरा पूर्ण होतात. आई विचारते, "वाढदिवसाला नवा फोन हवा का गं?" मी नको म्हटलं, तर म्हणाली, "शहाणी झालीस!" हल्ली कपबश्या मीच विसळते, तिच्या हातून निसटतात. विसळून झालं की मी माझेच हात बघत बसते.

आज दुपारी तिचा डोळा लागल्यावर तो फोन पुन्हा तोंडासमोर धरला. नाक मुरडलं, गाल फुगवले, डोळे तिरळे केले. म्हटलं, एकदा तरी म्हण, ही ती नव्हे.

तो मुकाट्यानं उघडला.

तुझी,
रविवारपर्यंत लहान असलेली ठमी