फुप्फुसाचा बुडालेला तुकडा

चाचा, तब्येत कशी आहे? तिकडं तरी दमा सुटला असेल. चाचींचे गुडघे कसे आहेत? त्यांना तुमच्याकडं येऊन चार वर्षं झाली. आमची मायही तिकडंच आहे, तिलाही विचारलंय म्हणून सांगा. इकडं पोरं बरी आहेत, सूनबाई बरी आहे. मी बरा न्हाई. म्हणजे दुखत काही न्हाई, पण सकाळपासून चार वेळा गोठ्यात जाऊन आलो. सूनबाईची गाय आठ महिन्यांची गाभण आहे आणि ती पोटानं श्वास ओढतेय.

पोटानं श्वास म्हणजे काय, हे तुम्हीच शिकवलं. तीर्थपुरीत, तुमच्या मटणाच्या दुकानामागं. माझी शेळी मेल्ती. मेलेलं जनावर तुमच्यात खाणं बिलकुल मना, तरी वेगळी सुरी काढून नुसतं मला दाखवायला तुम्ही ती उघडली. मी लग्न झालेला बाप्या, पण हुंदके देत होतो. "रडतो काय, बघ इकडं," म्हणालात आणि बरगड्या फाकवल्या. "हे फुप्फुस. हे आपणहून हलत न्हाई. याला हलवतात या बरगड्या, त्यांच्या मधलं मांस, अन् हा पडदा." पडदा तुमच्या बोटांवर ताणलेला आहे, मधे पांढरा, कडेनं लाल, छातीकडं फुगलेला. तो मागं ओढला की छातीत जागा होते, हवा आत येते, लोहाराच्या भात्यासारखी. मंग तुम्ही फुप्फुसाचे दोन तुकडे बादलीत टाकले. गुलाबी तुकडा तरंगला. काळपट तुकडा तळाला गेला. तो पिळला तर तुमच्या बोटांना गोडंतेल लागलं.

"क्या पिलाया?"

"पोट फुगल्तं. तेल पाजलं."

"जीभ धरली होतीस?"

"हो, बाहेर ओढून. तोंड बराबर उघडावं म्हणून."

"अरे गधे, आपली जीभ ओढून तू गिळून बघ! जीभ धरली की गिळता येत न्हाई, सगळं हवेच्या नळीत उतरतं. फुगून न्हाई मेली ती. तू तिला बुडवलंस."

मंग तुमच्याच लोट्यानं माझे हात धुतले आणि तुमचं जनावराला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं मला दिलं. "डोकं लई वर ताणू नको. खोकली की थांब. जीभ सोड." चाळीस वर्षं तसंच पाजत आलो.

काल दुपारी सूनबाई जालन्याला गेल्ती. गाईनं ओला लसूणघास खाल्ला, डावी कूस ढोलासारखी झाली. फुगलेलं पोट पडद्याला पुढं रेटतंय, फुप्फुसाला जागा उरली न्हाई, हे मला बाहेरून दिसत होतं. सूनबाईनं दिवाळीतच बजावलं होतं, "मामा, तुमचा हात कापतो आता. नळकांडं खुंटीला राहू द्या, डॉक्टरला फोन करा." मी फोन केला न्हाई. खुंटीवरचं नळकांडं काढलं, तेल भरलं. गाय डोकं झटकत होती, नळकांडं नेमकं तोंडात जाईना, आणि चाचा, मी जीभ धरली. ती खोकली. मी थांबलो, पण एक घोट उशिरा.

संध्याकाळपर्यंत पोट उतरलं. सूनबाई आली, म्हणाली, "मामा, तुम्ही होता म्हणून वाचली." मी मान हलवली. आज सकाळी बघतो तर नाकपुड्या फुललेल्या, मान पुढं ताणलेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. तुम्ही शेवटी खाटेवर असेच बसला होता, दोन्ही हात टेकवून, खांद्यांनी श्वास ओढत. मी तेव्हा भिंतीकडं बघत बसल्तो. सूनबाईनं बोलावलेल्या डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून गाईची छाती ऐकली आणि विचारलं, "काही पाजलं होतं का?" सूनबाई माझ्याकडं बघत होती. मी न्हाई म्हणालो.

सुई देऊन गेले. चार वाजता पुन्हा येतो म्हणाले. बुडालेलं फुप्फुस पुन्हा तरंगतं का, हे तुम्ही कधी सांगितलं न्हाई, मीही विचारलं न्हाई. आता विचारतोय. पण हा कागद कुठं पाठवू?

दारात डॉक्टरांची फटफटी थांबली. सूनबाई हात पुसत बाहेर निघालीय. कागदाची घडी करून नळकांड्यात सारतो आणि ते नळकांडंच त्या दोघांसमोर धरतो. कबूल करतो चाचा, काल गाय मरेल याच्यापेक्षा, हा म्हातारा आता कामाचा राह्यला न्हाई असं सूनबाई म्हणेल, याला मी जास्त भ्यालो. जवाब जल्दी लिहा. गाय अजून उभी आहे.