नकाशातला कोरा कोपरा

प्रिय संघमित्रा, सप्रेम जय भीम.

तू फोनवर तीनदा मागितलेला राखड तलावाचा नकाशा सोबत पाठवतो आहे. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. जुनी राख कुठे, नवी कुठे, हे चरोद्यात माझ्या बाबांइतकं कुणाला ठाऊक नाही, अशी फुशारकी साहेबांपुढे तूच मारलीस ना? मग भोग आता. वीजघराने तीस वर्षं ओतलेल्या या राखेतून तुमची कंपनी ॲल्युमिनियम आणि दुर्मिळ धातू काढणार, पुढच्या महिन्यात मशीनं लागणार, हे कळल्यावर शेजारच्या रामाजीने माझ्याकडे पेढे मागितले. मी हसलो खरा, पण पेढे आणले नाहीत.

आम्ही अडाण्यांनीही त्या राखेतून माल काढलाच की. पाण्यावर पांढरी साय तरंगायची, आतून पोकळ असे बारीक मणी. रंगाच्या कारखान्यांना ते लागायचे. मी आणि तुझा भाऊ पीयूष जुन्या लुगड्याने ती साय काठाशी ओढायचो. त्यावरच तू नागपूरला शिकलीस. तलावावर नियम एकच होता. राख वरून सुकते, आत दलदल असते, म्हणून सकाळी वयाने मोठ्या माणसाने बांबू मारून पाहायचा. आवाज भरीव आला की त्याने 'चल' म्हणायचं, मगच बाकीच्यांनी पाय ठेवायचा. आमच्यात मोठा मीच होतो.

तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी पीयूषच्या नंबरचा रिचार्ज संपायच्या आत दुकानात जाते. सहा वर्षं तो नंबर लागत नाही. 'नंबर बंद पडला तं पोरगं आपल्याले फोन कायच्यावरून करन?' म्हणते. बापाशी भांडून सुरतेला गेलेला मुलगा एक दिवस परत येईल, असं तिला वाटतं. तुलाही वाटतं. चौदा एप्रिलच्या सुट्टीत तू सुरतेच्या गिरण्यांतून त्याला शोधत फिरलीस, रिकाम्या हाताने परतलीस आणि वर माझीच समजूत घातलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नकाशात उत्तरेचा कोपरा कोरा दिसेल. तो भरायला मी विसरलेलो नाही. पीयूष सुरतेला गेलाच नाही, बाळा. राखेचा पाइप आदल्या दिवशी त्या कोपऱ्याकडे वळवला होता, हे मला माहीत होतं. पण साय कधी नव्हे इतकी दाट आली होती. मी बांबू न मारताच 'चल' म्हणालो. माझ्या हातात त्याचा गमछा तेवढा राहिला. चोरून साय काढता म्हणून सगळेच तुरुंगात जाल, असं आमची साय विकत घेणारा ठेकेदार म्हणाला, आणि सुरतेची गोष्ट त्यानेच सुचवली. मी ती धरून बसलो, कारण 'मीच चल म्हणालो' हे तुझ्या आईला सांगायची माझी छाती झाली नाही. आजही होत नाही. तुमच्या मशीनला राख काय आणि माणूस काय, सारखंच. तो कोपरा आधी हाताने उकरा. आणि आईला तू सांग. या वेळचा रिचार्ज अठरा तारखेला संपतो. ती दुकानात जायच्या आत ये.

तुझाच, पण तुझ्या नजरेला नजर देऊ न शकणारा,
बाबा