अर्ध्या तासाचा पाइप

मंगळवार, दिवेलागण. उस्मानपुरा.

गाडीच्या रेडिएटरचा पाइप फाटलाय, बोटभर. रशीदभाई मिस्त्री म्हणाला, "आधे घंटे का काम है. तीस रुपये का पाइप लाओ, बस." तीस रुपये! कंपनीत लागल्यावर ही जुनी गाडी घेतली ती आईसाठीच. आणि आज आई फुलंब्रीला धापा टाकत पडलीय, निरोप येऊन दुपार उलटली. विद्यापीठाच्या नामांतरावरनं पुकारलेल्या बंदमुळं एसटी नाय, रिक्षा नाय.

पाइपवाल्या शेटजींच्या घरी गेलो. म्हणाले, पाइप दुकानात हाय, पण शटर वर केलं की दगड येतील. मग हळूच म्हणाले, "तुमच्या धाकट्यालाच इचारा की. चौकात तोच बसलाय."

गेलो. शामू बंदवाल्यांच्या घोळक्यात होता. म्हणलं, "आईला दवाखान्यात आणायचंय. अर्धा तास उघडू दे." त्याचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आपल्या घरासाठी शटर उघडलं तर उद्या माझं कोण ऐकंल? सकाळी बंद सुटतोय. तवर..." डोळे भरले होते त्याचे. पण जागचा हलला नाय.

अर्ध्या तासाचं काम!

आता सायकलनं निघतोय. पोचून तरी काय करणार, पाठीवर आणू तिला? आणि ती आधी शामूचंच विचारील, मला ठाऊक आहे. काय सांगू? तुझं मेंढरं राखणारं पोरगं आता बंद शटर राखतंय, म्हणू?