चौदा खोपे

नंदनवन, नागपूर
ता. २१ ऑगस्ट १९७४

ती. चंपतभाऊ यांस,
शामलाचा सा. न. वि. वि.

पोळा करून जयवंता सुखरूप परतली. मी सहावीच्या वर्गाला निसर्ग-प्रदर्शनासाठी घरटी आणायला सांगितलं होतं. गेल्या वर्षीची वाळून पिवळी पडली होती, म्हणून यंदा ताजी, हिरवी बघून आणा म्हटलं. बाकीच्यांनी कावळ्याच्या काटक्या आणल्या. तुमच्या लेकीनं एसटीतून पोतंभर सुगरणीचे खोपे आणले, चांगले चौदा! मुख्याध्यापक साहेबांनी पहिला नंबर दिला. आत्याच वर्गशिक्षिका, मग मीही मिरवून घेतलं.

तेवढ्यात एका मुलीनं खोप्यात हात घातला. आत मेलेली पिल्लं होती. सगळे तपासले, तर सहांत पिल्लं, तीनांत अंडी. तेव्हापासून जयवंता धड जेवत नाही. पाखरं पुन्हा येतील का, एवढंच विचारते. येतील म्हणून मी सांगून बसले आहे. तिला रागावू नका, भाऊ. चूक माझी आहे. रिकामं, खाली पडलेलं घरटं आणा, एवढे चार शब्द मला सुचले नाहीत.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
शामला

पिंपळदरा, नरखेडकडे
ता. २७ ऑगस्ट १९७४

चि. शामला हीस,
अनेक आशीर्वाद.

तू एकटीच सारा दोष घेऊ नकोस. बांबूला विळा मीच बांधून दिला. शाळेचं काम, बाईंनी सांगितलेलं, मग त्यात विचारायचं काय? तू लहानपणी फुलपाखरं वहीत चिकटवायचीस तेव्हा मी तुला कसाई म्हणायचो. आता माझंच तोंड बंद झालं आहे.

विहिरीवरच्या बाभळीभोवती पाखरं चार दिवस ओरडत फिरली. पाचव्या दिवशी गेली. मोट ओढायचे त्या काळापासून तिथं खोपे पाहत आलो. आता पंप बंद केला की विहिरीवर फार सामसूम वाटते.

पोरीला जवळ घेऊन जेवू घाल. तुझ्या खुशालीचं पत्र येऊ दे.

तुझा,
चंपतराव

नंदनवन, नागपूर
ता. २४ ऑगस्ट १९७५

ती. भाऊ यांस,
सा. न. वि. वि.

पाखरं यंदा आलीच नाहीत हे तुमच्या पत्रात वाचलं आणि पत्र जयवंतापासून लपवून ठेवलं. पोरगी वर्षभर पोळ्याचीच वाट पाहते आहे. तिच्या वहीत सुगरणीचं एक पान भरलं आहे: पातं कसं चिरते, गाठ कशी मारते, सगळं. बाकी वही कोरी.

जुने खोपे बाभळीला बांधून ठेवायची तुमची युक्ती मला पटत नाही. पण तिचा चेहरा पाहिला की नाहीही म्हणवत नाही. शाळेच्या कपाटातले चौदाही गावाकडे निघालेल्या मुकुंदच्या हाती पाठवते आहे. उंच बांधा. तिला दुरूनच दाखवा.

तुम्हीच आमचा आधार, विसरू नका.

तुमची,
शामला

पिंपळदरा
ता. ८ सप्टेंबर १९७५

चि. शामला हीस,
अनेक आशीर्वाद.

जयवंता उद्याच्या गाडीनं निघेल. तिच्याजवळ कैरीचं लोणचं देतो.

पोळ्याच्या दिवशी ती आल्या आल्या विहिरीवर गेली. खोपे पाहून हसली. वर्षानं हसली असेल. मग बराच वेळ बघत राहिली आणि शिडी मागितली. शिडी मीच धरली. तिनं एका खोप्याला हात लावला आणि वरूनच म्हणाली, की बाबा, सुगरणीले सुतळी कोण देते?

रडली नाही. चौदाही गाठी तिनं स्वतः सोडल्या. खोपे ओच्यात घेऊन खाली आली आणि संत्र्याच्या बुंध्याशी पुरून टाकले. घरी येताना मला सांगत होती, की आत्याले पाखरं आली असंच लिहा, तिच्या जिवाले फार लागून राहिलं.

तसंच लिहायला बसलो होतो, शामला. पण खोटं मला एकदाच करता आलं, तेही धड जमलं नाही. पाखरं आली नाहीत. पोरीला मात्र तू काही कळू देऊ नकोस. पाखरं आली ऐकून आनंद झाला म्हण.

जिवाला जप. भावावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
चंपतराव