गावदेवीला वाहिलेली चकती

भागूआत्ये,

तुझी सुंदरा हितं कळंबातनं तुझ्या पायावर डोकं ठेवते. तुझं गुडघं आता वाकत्यात का? कल्याणचं पाणी मानवलं का? हितं समदी बरी हायत. (बरी म्हंजे सासू बरी हाय. हे खोपोलीला पाइपाच्या कामावर, ते बी बरं असतील. मी तेवडी भ्यालेय.)

लढाई लागल्यापासनं गावात तांब्याचा पैसा दिसंना झालाय. म्हणून इद्रिसचाचा दुकानदार सुट्ट्याच्या जागी पत्र्याच्या चकत्या देतो, वर तराजूचा ठसा. चकती नेली का तो मीठ-तेल देतो. त्याच्या दुकानाभायेर तिला कुत्रं इचारत नाय. तर माझा नवशा तापानं फणफणला, तवा मी गावदेवीला बोलले, आई, पोर हसू दे, पैसा वाहीन. पोर हसलं. आता पैसा कुठनं आणू? शेजारच्या ठमीकडं मागितला तर म्हणते, "मला कुठला गं, मीच मीठ चकतीवर आणते." सासू बोलली, "चकतीच वाहा. देवी गावचीच हाय, तिला इद्रिसचं दुकान ठावं हाय." मी येडी, वाहून आले. घरात पाय ठेवला नि नवशा खोकला.

तवापासनं त्याचा खोकला मोजत बसते. देवी म्हणत असंल, सुंदरानं मला पत्र्यावर भागवलं, आता पोराचं बघते. चकती परत उचलावी तर देवीच्या हातचं काढून घेतल्यावाणी. मग दुकानात जाऊन इचारलं, चाचा, देवी चकती घेऊन आली तर माल द्याल ना? तो हसला नाय. बोलला, "चकती आणंल त्याला देतो, बाय. कोण हाय ते मी कशाला इचारू?" (माणूस भला हाय, पण माझं भ्या वाढलं. म्हंजे ती येणार.) आता पोराला कडंवर घेऊन मी दुकानावर नजर ठेवते. काल एक अनोळखी म्हातारी आली, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. चकती देऊन गूळ घेतला नि नवशाचा गाल धरून बोलली, "गोड हाय गं पोर." मी पळाले ती घरात, कडी लावली. मागनं कळलं, ती ठमीची मावशी. तरी सासू म्हणते, देवी कुणाचंबी रूप घेते. तिचं काय जातंय बोलायला.

तुझी,
सुंदरा

राहिलं ते : राजाच्या तोंडाचा एक खरा पैसा धाड.

आणखी : चाचानं देवळात दिव्याला तेल दिलं. म्हणतो, देवीला माल पोचला, आता माझी चकती आणून दे, मला कमी पडत्यात. सासू म्हणते, तू वाहिलीस, तूच उचल. मी तिथं हात घालायची नाय.

आणखी : पैसा कुणाच्या हाती धाडू नको, तूच आण. नाय घावला तरी ये. नवशा आत्ता गप झोपलाय, खोकत नाय. त्याचंबी भ्या वाटतंय.