बट्टा

॥ श्री ॥
उमरखेड, ता. ९ जानेवारी १९३८

चि. सिंधूस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. अक्षर सुधारलं आहे, पण ओळी अजून बैलानं ओढल्यासारख्या वाकड्या जातात. गल्ल्यात पैसे टाकायचे तर ते बँकेत काहून ठेवायचे, असं तू विचारलंस. गल्ल्यातला पैसा आहे तेवढाच राहतो. बँकेतल्या पैशाला व्याज मिळतं, कारण तो आम्ही दुसऱ्याच्या कामी लावतो. बाकीचं तू आलीस की दाखवीन.

दुसरा तुझा प्रश्न बट्ट्याचा. आपल्या मोगलाईत निजामाचा हाली रुपया चालतो, इकडं वऱ्हाडात इंग्रजाचा कलदार. कलदार वजनदार, म्हणून सहा कलदारांना सात हाली मोजावे लागतात. हा फरक म्हणजे बट्टा. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माणसं फसतात ती इथंच. तू हे पाठ कर, म्हणजे तुला कोणी फसवणार नाही. तुझ्या आबांना, म्हणजे आमच्या दादांना, व वहिनींना नमस्कार सांग.

तुझा काका,
संतराम

॥ श्री ॥
मु. बोरी, ता. कळमनुरी, १७ फेब्रुवारी १९३८

चि. संतराम यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल. हळद शिजवून झाली, आता वाळत घालून राहिलो.

मुद्दाम लिहितो ते तुझ्या पुतणीचं. रानात खत व्हावं म्हणून वाडीवरल्या बनाबाईकडून बारा मेंढ्या घेतल्या. तिचा नवरा गेल्यापासून कळप तीच सांभाळते. मेंढीला तीन कलदार ठरले, म्हंजी छत्तीस. उन्हाळ्यात ती कळप घेऊन वऱ्हाडाच्या जंगलात जाते, तिथली चराई कलदारात भरावी लागते. माझ्यापाशी हालीच होते. बेचाळीस मोजायचे, तर सिंधू मधीच बोलली की काकाचं पत्र आलंय, बट्टा उतरला, आता अडतीस हालीला छत्तीस कलदार मिळतात. बनाबाईनं इचारलं, खरं का. पोरगी न अडखळता व्हय म्हणली. मी ओसरीवर बसून हसू दाबून राहिलो होतो. बनाबाई म्हणली की जिचा काका बँकेत, ती पोरगी खोटं काहून बोलंल. चार रुपये वाचले. अकरा वर्षांचं लेकरू, सारा गाव तिच्याकडून हिशोब करून घेतो. तुझी शिकवणी वाया गेली न्हाई.

लोभ आहेच, पत्र लवकर टाक.

किसनराव

॥ श्री ॥
उमरखेड, ता. २१ मार्च १९३८

ती. दादांस संतरामचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा मी हसलो होतो. बँकेतल्या दोघातिघांना वाचूनही दाखवलं, आणि सिंधूच्या नावानं एक रुपया भरून खातं उघडलं. हे आधी कबूल करतो, कारण पुढचं लिहिणं जड आहे.

होळीनंतरच्या बाजारी बनाबाई आमच्या खिडकीवर आली. अडतीस हाली ठेवले आणि छत्तीस कलदार मागितले. मी बत्तीस रुपये नऊ आणे दिले. ती बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली की तुमच्याच पत्रात तर अडतीसला छत्तीस होते. माझ्या मागं हेडक्लार्क उभे होते. खरं सांगितलं असतं तर आपल्या घराचं नाव त्यांच्यासमोर गेलं असतं. मी तिला सांगितलं की तो भाव चारच दिवस होता, आता बट्टा परत चढला. दादा, तिनं ते मानलं. मीच उशीर केला, पाय दुखत होते म्हणून बसून राहिले, असं म्हणून तिनं स्वतःलाच दोष दिला आणि माझ्या पाया पडून गेली.

काल जंगल नाक्याचा शंकरसिंग भेटला. त्याच्याकडून कळलं की तिची चराई भरायला साडेतीन रुपये कमी पडले, म्हणून चौदा मेंढ्यांना पास मिळाला नाही. त्या तिनं काठावरच खाटकाला रुपयाला एक अशा देऊन टाकल्या. तीन-तीन रुपयांचं जनावर.

सिंधूनं खोटं बोलून चार रुपये घेतले. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तिचंच खोटं पुढं चालवलं. बनाबाईसमोर जायची हिंमत होत नाही. तुम्हांला योग्य दिसेल ते करा, आणि मला रागं भरा. वहिनींस नमस्कार. माया कमी करू नये.

आपला,
संतराम

॥ श्री ॥
मु. बोरी, १२ एप्रिल १९३८

चि. संतराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला.  मग तेच पत्र सिंधूला वाचून दाखवलं. तिनं मान वर केली न्हाई. जेवलीही न्हाई.

तिच्या गेलेल्या मेंढ्यांच्या बदली बाराही मेंढ्या हाकत आन् बुडवलेले चार रुपये घेऊन आमी दोघं नदीपार गेलो. बनाबाईचा तळ सापडायला दुपार झाली. पैसे सिंधूनंच तिच्या हातावर ठेवले आन् मी खोटं बोलले म्हणून सांगितलं. बनाबाई मेंढ्या ओळखून एकेकीच्या पाठीवर हात फिरवून राहिली होती. मग माझ्याकडं बघून म्हणली की पोर हाय, पोराचं काय. पण किसनराव, तुमी ओसरीवर बसून होते.  मेंढ्या तिनं ठेवून घेतल्या, पाणी काही इचारलं न्हाई. येताना पोरगी माझ्या मागं दहा पावलं चालून राहिली. मी हाक मारली तरी जवळ आली न्हाई.

तुझ्या खिडकीवरलं आमी तिला बोललो न्हाई. ते तुझं तू सांग.

तुझा भाऊ,
किसनराव

मु. बोरी, ता. ३० ऑक्टोबर १९३८

ती. काकांस सिंधूचा सा. न.

दिवाळी बरी झाली. आईनं तुमच्या वाट्याच्या करंज्या कळमनुरीच्या माणसाबरोबर पाठवल्या आहेत.

तुम्ही तळावर जाऊन सगळं सांगितलं, हे बनाबाईनं इथं आल्यावर आबांना सांगितलं. आबा तेव्हापासून तुमचं नाव नीट घेतात. खात्यातला तो रुपया मला नको. पैसे भरायचे कसे ते तुम्ही शिकवलं, काढायचे कसे ते लिहा. तो बनाबाईला द्यावा असं वाटतं, पण ती घेईल का ठाऊक न्हाई.

गावातल्या बायका आता हिशोबाला माझ्याकडं येत न्हाईत. रूपाबाई तर मला बघून पदरातले पैसे मुठीत धरते. आई म्हणते, विसरतील. मी शाळेत पहिली आले, ते कोणी इचारलं न्हाई.

परवा मात्र बनाबाई स्वतःहून आली. लोकरीचे चोवीस कलदार आले होते, त्यांचे हाली किती, असं तिनं इचारलं. मी अठ्ठावीस सांगितले. ती तसेच पैसे बांधून मुंजाजी मास्तरांकडं गेली. मी दारात उभी राहून बघत होते. मास्तरांनीही अठ्ठावीसच सांगितले असणार, कारण अठ्ठावीसच होतात. ती मास्तरांच्या घरून निघाली आणि आमच्या दाराकडं न वळता सरळ वाडीकडं गेली. मी खूप वेळ उभी होते.

तुम्ही माझ्यावर रागावू नका, मीही तुमच्यावर न्हाई.

तुमची,
सिंधू